दीड झोका

भोईरसाहेब माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी साधा नमस्कारही केला नाही. त्यांना आधी दिसली ती दारात उभी असलेली माझी जुनी गाडी. तिच्या पुढच्या कोपऱ्यावर त्यांनी दोन्ही तळहात ठेवले, अंगाचा सगळा भार टाकून ती खाली दाबली आणि एकदम सोडून दिली. गाडी वर आली, खाली गेली, परत वर, परत खाली. ते ओठातल्या ओठात मोजत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "साडेतीन. सोमण तूच ना? तुझ्या गाडीचे शॉकॲब्सॉर्बर मेलेत. तुला म्हाईत हाय का न्हाय?"

मला माहीत नव्हतं. आणि माझा धंदा काय, तर वाहनविम्याचा सर्व्हेअर. ठोकलेल्या गाड्या बघायच्या, काय मोडलं, का मोडलं ते लिहून द्यायचं. अशा माणसाला त्याच्याच दारात कोणी असं सुनवावं म्हणजे काय! मी चहा विचारला, पण घुश्शातच विचारला. त्यांना घुस्सा वगैरे काही कळला नाही. खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी तीही दाबून बघितली.

दीड हा त्यांचा आकडा होता. गाडीचा कोपरा दाबून सोडला की तिने एकदा वर यावं, थोडंसं खाली बसावं आणि गप्प राहावं. हा झाला दीड झोका. त्याहून जास्त झोके घेणारी गाडी खड्ड्यातून बाहेर आल्यावरही खड्ड्यातच असते, असं ते म्हणत. "मानसानं दचकावं एकदा. दचकतच राहिला तर तो पुढचा रस्ता कधी बघनार?" हे ते गाड्यांबद्दल बोलत, पण माझी बायको हे वाक्य मला उद्देशून बरेचदा वापरते.

दिगंबर भोईर भिवंडीजवळच्या शेलार गावचे. गावात सगळे त्यांना दिगूदादा म्हणत. साहेब म्हणणारा मी एकटा, आणि ते त्यांना मुळीच आवडत नसे. घर आगरी, भातशेतीवालं. डिप्लोमा करून गावाबाहेर पडलेला पहिला मुलगा तो हा. घाटावरच्या एका मोठ्या मोटार कारखान्यात बत्तीस वर्षं त्यांनी गाड्यांची ड्रॉइंग्ज काढली, तीही फक्त खालच्या भागाची. चासी, मागचे लोखंडी पाटे, स्प्रिंग, ब्रेक. ओढ्यातून, दगडातून, शेताच्या बांधावरून जाणाऱ्या त्या उंच दणकट गाड्या असतात ना, त्यांचं पोट. "वरचं काढनारे येगळे," ते म्हणत, "त्यांचे शर्ट पांढरे." निवृत्त झाल्यावर ते आणि वहिनी शेलारला परत आले. अंगणात पत्र्याची शेड घातली. गॅरेज नव्हतं ते. पाना हातात धरायचा नाही हा त्यांचा नियम. लोक गाडी आणत, ते बघत आणि काय बिघडलंय ते सांगत. मग लोक जाऊन कुठून तरी दुरुस्त करून घेत.

भिवंडीच्या रस्त्यांबद्दल मी काही लिहिणार नाही. सव्वीस वर्षं त्यांच्यावरून फिरतोय, कंबर गेली, आता त्यांच्याबद्दल बोलायचंही त्राण नाही. एवढंच सांगतो की आमच्याकडे डोंगरात जायची गाडी घेण्यासाठी डोंगरात जायची गरज नसते. मानकोलीपासून गावात या, पुरे होतं. भोईरसाहेबांना मात्र ह्या रस्त्यांचा आनंद होता. कारखान्यात गाडी तपासायला मुद्दाम खड्ड्यांचा रस्ता बांधावा लागे, त्याचं ड्रॉइंग असे, मंजुरी लागे. "हितं बघ, फुकटात हाय," ते म्हणत.

त्यांच्या स्कूटरच्या डिकीत घडी घातलेलं एक गोणपाट असे. गाडी दाबून झाली, आकडा सांगून झाला, की ते गोणपाट जमिनीवर अंथरायचे, चष्मा शर्टाच्या खिशात ठेवायचे आणि पाठीवर सरपटत गाडीखाली जायचे. सत्तरीचा माणूस. मग खालून आवाज यायचा. एकदा मी बाहेर उन्हात उभा राहून कंटाळलो आणि म्हटलं, "साहेब, दाबून कळलं ना? मग खाली कशाला?" तर खालून म्हणाले, "चासीला कोन इचारत न्हाय, सोमण. लोक रंग बघतात, सीट बघतात. वजन कोन उचलतो ते बघायला वाकावं लागतं. म्हनून कोन बघत न्हाय." आणि मला आत बोलावलं. मी माझी पँट नवी आहे असं सांगितलं.

त्यांच्या दाबून बघण्याला घरदार कंटाळलं होतं. पुतण्याच्या लग्नात तर कहर केला. हळदीच्या आदल्या दिवशी मांडव घातला गेला, स्टेज उभं राहिलं, आणि हे बुटासकट स्टेजवर चढून एका कोपऱ्यावर जोरात उडी मारून उभे राहिले. "चार," म्हणाले. "उद्या मानसं नाचली की ह्यो बी नाचंल." वधूकडची मंडळी बघतच राहिली. वहिनींनी डोक्याला हात लावला. मांडववाला आधी तणतणला, मग बांबूचे चार टेकू आणखी लावून गेला. हळदीला स्टेजवर पन्नास माणसं बेभान नाचली आणि काही झालं नाही. काही झालं नाही त्याचं श्रेय कोणी कोणाला देत नाही, तसं त्यांनाही मिळालं नाही.

त्यांची आणखी दोन वाक्यं होती, त्यांच्यावर पुढचं सगळं उभं आहे. एक म्हणत, "ब्रेक गाडीला लागत न्हाय, वजनाला लागतो." आणि दुसरं म्हणत, "काय बी वर उचललं, की दुसरं काय ताणलं ते बघ." ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकली होती की ती कानावरून जायची.

मधल्या काही वर्षांत आमच्याकडे गाड्या उचलायची लाट आली. गोदामांसाठी जमिनी गेल्या, हातात पैसा आला, प्रत्येक दारात एक उंच गाडी आली, आणि कंपनीने दिलेली उंची कोणालाच पुरेना. मग गॅरेजात न्यायची, पुढे स्प्रिंगवर जाड चकत्या बसवायच्या, मागे पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घालायचे. गाडी अडीच-तीन इंच वर. खाली भलेमोठे टायर. पावसात साचलेल्या पाण्यातून जाता येतं हे एक निमित्त. खरं म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीकडे वरून बघता येतं.

शेलारच्या जरा पुढे दत्ताशेठचं घर. त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावाने सारख्याच दोन गाड्या घेतल्या होत्या, दहा-बारा वर्षांच्या जुन्या, शिडीसारख्या दणकट चासीच्या, भोईरसाहेबांच्याच कारखान्यातल्या. दोन्ही एकाच दिवशी उचलून घेतल्या आणि तशाच भोईरसाहेबांच्या अंगणात आणून उभ्या केल्या. "दिगूदादा, तुमचीच पोरं हायत ही. बघा कशी दिसतात!" मी त्या दिवशी तिथेच होतो. एप्रिलची दुपार, पत्रा तापलेला. सकाळपासून पाच-सहा गाड्या बघून झालेल्या. साहेब खुर्चीतून उठले, पहिली गाडी दाबली. दीड. दुसरी दाबली. दीड. "गॅरेजवाला हुशार हाय," ते म्हणाले. गोणपाट स्कूटरच्या डिकीत होतं, स्कूटर दहा पावलांवर. त्यांनी स्कूटरकडे बघितलं, गुडघा चोळला आणि हात हलवून म्हणाले, "ने. चांगली हाय." दत्ताशेठने पेढ्याचा पुडा ठेवला. आम्ही दोघांनी पेढे खाल्ले.

दोन महिन्यांनी दत्ताशेठची गाडी ठोकली गेली. घरची सात माणसं वज्रेश्वरीला देवीला गेली होती, येताना उतारावर पुढचा ट्रेलर अचानक थांबला आणि ही गाडी त्याच्या मागे जाऊन आदळली. दत्ताशेठच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं. गाडी चालवत होता रघुनाथ. त्याचं खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या. रघुनाथ वज्रेश्वरीच्या रस्त्यावरच्या एका पाड्यावरचा, चाळिशीचा, अबोल माणूस; अकरा वर्षं ह्या घराची गाडी चालवत होता. तो एकच सांगत होता, "मी ब्रेक मारला." पण जेवून निघालेली गाडी, दुपारची वेळ, सगळे म्हणाले, डोळा लागला. पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा घातला, लायसन जमा करून घेतलं. दत्ताशेठने त्याला दारात उभं केलं नाही.

पाहणीला मी गेलो. खरं सांगायला हवं म्हणून सांगतो. त्या आठवड्यातली ती अकरावी गाडी होती. बॉनेट चेपलेलं, रेडिएटर फुटलेला, रस्त्यावर टायर घासल्याची खूण अगदी पुसट. मी भोवती फिरून फोटो काढले. ब्रेकचं पेडल पायाने दाबलं, घट्ट लागलं. ब्रेक ऑइल पूर्ण होतं. मी लिहिलं: वाहनात दोष आढळला नाही, चालकाची चूक. पाच ओळी. गाडीखाली मी गेलो नाही. गाडी उचललेली आहे हे मला दिसत होतं, पण आमच्याकडे निम्म्या गाड्या उचललेल्या असतात, आणि ही तर भोईरसाहेबांनी बघितलेली.

तीन महिन्यांनी रघुनाथ माझ्या घरी आला. हात अजून नीट वर जात नव्हता. मी मनात म्हटलं, आता हा रडणार, मग मला अहवाल बदलायला सांगणार. तो बसलाच नाही. उभ्यानेच म्हणाला, "साहेब, तुमी गाडी बघितली ना? मना येकच सांगा. पेडल चांगलं होतं ना?"

मी म्हटलं, होतं.

"मंग मी पाय ठेवला न्हाय," तो म्हणाला. "मना वाटायचं ठेवला. पुढून गाडी बसली, नाक खाली गेलं, येवढं आठवतं. पन सगळी सांगतात झोपलास. बायको बी म्हनते, डोळा लागला असंल तर कबूल कर, मोकळा व्हशील. आता मनाच वाटायला लागलंय, मी झोपलो आसन. आईंचं हाड मी मोडलं." मग दुखरा हात सावरत, "आता सायकलवर बी भ्या वाटतं, साहेब. पाय माझा हाय का न्हाय तेच कळत न्हाय."

मी बरीच रडगाणी ऐकली आहेत. धंदाच तसा. पण स्वतःच्या पायावरचा विश्वास उडालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. त्याला स्कूटरवर मागे बसवलं आणि शेलारला नेलं. का नेलं, सांगता येणार नाही. बहुधा दुसरं कोणी तरी त्याच्याशी बोलावं, माझी सुटका व्हावी, एवढंच.

भोईरसाहेब शेडमध्ये पेपर वाचत होते. रघुनाथने परत तेच सगळं सांगितलं. साहेबांनी मधेच विचारलं, "पुढून बसली म्हनतोस. मागून काय झालं?"

"मागून काय न्हाय. मागं ढकलतच होती."

"गाडीत किती मानसं?"

"सात. आनि डिकीत सामान."

साहेबांनी पेपरची घडी घातली. चेहरा असा झाला की मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. "धाकट्याची गाडी कुठं हाय?" त्यांनी विचारलं. "ती चालते अजून?" चालत होती. धाकट्याची पोरं रोज तिच्यातूनच शाळेत जात. साहेब उठले, चपला न घालताच स्कूटरकडे गेले आणि डिकीतून गोणपाट काढलं.

दत्ताशेठच्या अंगणात धाकट्याची गाडी उभी होती. साहेबांनी ती दाबली नाही. सरळ मागच्या चाकाजवळ गोणपाट टाकलं आणि आत गेले. मग म्हणाले, "सोमण, आत ये." ह्या वेळी मी पँटचं नाव काढलं नाही.

खाली काळोख, ग्रीसचा वास. त्यांनी बोट दाखवलं. मागच्या एक्सेलपासून चासीवरच्या एका छोट्या वॉल्वपर्यंत बोटाएवढी बारीक दांडी जात होती. "ही दांडी वॉल्वला सांगते गाडीत किती वजन हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "गाडी भरली की मागून बसते, चासी एक्सेलजवळ येते, दांडी वर जाते. मंग वॉल्व मागच्या चाकांना पुरता ब्रेक देतो. गाडी रिकामी असली की मागून उंच राहते, वॉल्व मागचा ब्रेक कमी करतो. न्हायतर रिकाम्या गाडीची मागची चाकं धरतील आनि ती गर्रकन फिरंल. कळलं?" मला कळलं होतं. ठोकळे घालून गाडी अडीच इंच वर उचलली, दांडी मात्र तेवढीच राहिली. सात माणसं बसू देत, नाहीतर पोती भरा, त्या वॉल्वच्या लेखी गाडी कायम रिकामीच. मागची चाकं जेमतेम धरणार. उतारावर सगळा भार पुढच्या दोन चाकांवर.

"साधा तुकडा जोडायचा होता," ते म्हणाले. "अडीच इंचाचा. ही दांडी मी काढलेली हाय, सोमण. हिच्या लांबीसाठी मी कारखान्यात दीड वर्ष भांडलो. आनि माझ्या अंगनात गाडी उभी होती."

"साहेब, ऊन होतं, तुम्ही दमला होतात."

"हां," ते म्हणाले. "मला वाकायचा कंटाळा आला होता." आम्ही दोघं तसेच गाडीखाली पडून राहिलो. मी म्हटलं, "मलाही." एवढंच बोलणं झालं.

मला वाटलं होतं की आता कागद लिहायचा, द्यायचा, झालं. साहेब म्हणाले, "कागदानं त्याचा पाय परत येनार न्हाय." त्यांनी धाकट्याला गाडी मागितली, पोरं कशातून शाळेत जातात ते ऐकल्यावर त्याने चावी लगेच काढून दिली. मानकोलीजवळ त्या भावांचंच एक रिकामं गोदाम होतं, पुढे लांबलचक काँक्रीटचं पटांगण. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत यंत्रमागावरच्या सुताच्या कोनांची पोती भरली, सहा माणसांचं वजन होईल एवढी. पटांगणावर चुन्याची रेघ मारली. आणि साहेबांनी रघुनाथला सांगितलं, बस.

"मी न्हाय बसनार, दिगूदादा. मना न्हाय जमायचं."

साहेब वळसा घालून पलीकडे गेले. डावीकडचं दार उघडून पुढच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला. खिशातून चष्मा काढून माझ्या हातात दिला. "मी बाजूला हाय," ते म्हणाले. "चाळीसच्या वर जाऊ नको. रेघ आली की मार." रघुनाथ पाच मिनिटं दार धरून उभा होता. मग बसला. ओठ हलत होते. देवीचं नाव घेत असावा.

गाडी आली, रेघेवर तिने नाक खाली घातलं आणि किंचाळत पुढे जातच राहिली. थांबली तेव्हा साहेबांनी उतरून पावलं मोजली. एकोणीस. रघुनाथचा चेहरा पांढरा पडला होता. गॅरेजवाल्याला आम्ही बोलावून घेतलं होतं. तो बिचारा सारखं म्हणत होता, "साब, किसी ने बताया ही नहीं, हम तो सबका ऐसे ही करते हैं." त्याने साहेबांच्या मापाने पट्टीचा तुकडा कापून आणला होता, तो खाली जाऊन दांडीला जोडला. पाऊण तास गेला. साहेब परत त्याच सीटवर बसले. पोती तीच, वेग तोच, माणूस तोच. ह्या वेळी रेघेवर गाडी चारही चाकांनी खाली बसली आणि थांबली. बारा पावलं.

रघुनाथ उतरला. गाडीला वळसा घालून मागे गेला आणि चाकाजवळ उकिडवा बसला. ब्रेकच्या तापलेल्या ड्रमला त्याने हात लावला आणि झटकन मागे घेतला. परत लावला. "पाय होता," तो म्हणाला. कोणाला म्हणाला कोण जाणे. मग मोठ्याने, "दिगूदादा, माझा पाय होता!"

"पहिल्यापास्नं होता रे," साहेब म्हणाले. त्यांनी चष्मा मागितला, पण डोळ्यांवर लावेनात. नुसता पुसत राहिले. "तुझा पाय होता. माझा डोळा नव्हता."

त्यांनी पोलिसांत लेखी निवेदन दिलं. ड्रॉइंग बोर्डावरचं ते सुबक अक्षर, बाजूला दांडीची आकृती, मापांसकट. आणि सर्वांत शेवटी एक ओळ: अपघातापूर्वी ही गाडी मी तपासून चांगली म्हणून सांगितले होते, मी गाडीखाली पाहिले नव्हते. मी म्हटलं, ही ओळ काढा, तुम्हाला कोणी विचारलेलं नाही. ते म्हणाले, "कोनी इचारलं न्हाय म्हनून तर लिवायची." मग मलाही माझा दुसरा अहवाल लिहावा लागला, त्यात तीच ओळ माझ्या नावाने घालावी लागली. परवानगी न घेता गाडीत बदल केला म्हणून दत्ताशेठचा क्लेम गेला. ते आम्हा दोघांवर इतके भडकले की विचारू नका. विमा कंपनीने मला काम देणं कमी केलं. आमच्या घरी काही महिने फार शांतता होती.

रघुनाथचं लायसन परत मिळालं. दत्ताशेठच्या आईने त्याला निरोप पाठवला, परत ये म्हणून. तो गेला, त्यांच्या पाया पडला, पण नोकरीवर गेला नाही. शेलारच्या मंडळाची रुग्णवाहिका होती, तिच्यावर लागला. पहिल्या दिवशी ती घेऊन साहेबांच्या अंगणात आला आणि म्हणाला, "खाली बघा." साहेब अर्धा तास तिच्याखाली होते.

पण गावात बोभाटा झालाच. दिगूदादाचा हात गेला, असं लोक म्हणायला लागले. शेडमध्ये येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. मला चीड यायची. बत्तीस वर्षं आणि त्यावर इतक्या गाड्या, आणि लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांनी स्वतःहून सांगितलेली एक चूक! त्यांना मात्र त्याचं काही वाटलं नसावं, किंवा वाटायचं त्राण उरलं नव्हतं. "बरं झालं," म्हणाले, "दमलो होतो." हृदय मोठं झालं होतं, पायांना सूज यायची. गोणपाट घेऊन खाली जायचे तर उठायला माझा आणि रघुनाथचा आधार लागायचा. तरी जायचेच.

शेवटचं त्यांना भेटलो ते ठाण्याच्या हॉस्पिटलात. नाकात नळी. मी कॉटजवळ उभा राहिलो तर त्यांनी सुजलेल्या हाताने गादी दाबली आणि सोडली. गादी तशीच दबलेली राहिली. "शून्य," ते म्हणाले आणि हसले. मी माझ्या कामाचं रडगाणं सुरू केलं. दुसरं काय बोलणार? म्हटलं, साहेब, आता कंबर साथ देत नाही, प्रत्येक गाडीखाली जायचा कंटाळा येतो. त्यांनी नाकातली नळी नीट केली.

"येनारच रे," ते म्हणाले. "मानसाला कंटाळा येतो. आला तर घरी जा. निज. पन बघितलं म्हनून सांगू नको."

तीन दिवसांनी दुपारी ते गेले. वहिनींना घेऊन पुतण्या पुढे निघाला होता. त्यांना शेलारला न्यायला मंडळाची रुग्णवाहिका आली आणि चालवत अर्थातच रघुनाथ होता. मागे त्यांच्याजवळ मी एकटा बसलो. वहिनींनी निघताना पिशवीतून गोणपाटाची घडी काढून माझ्या हातात दिली होती; स्कूटर विकायची म्हणून डिकी रिकामी केली तेव्हाच ती त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवली होती. ती मांडीवर होती. तिला ग्रीसचा वास येत होता.

मानकोलीला वळायच्या आधी एक गतिरोधक आहे, रंग उडालेला, जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. कित्येक गाड्या त्याच्यावरून उडताना मी बघितल्या आहेत. रघुनाथला तो माहीत होता. त्याने आधीपासूनच ब्रेक लावला, चारही चाकांनी हळूच धरलं. गाडी त्याच्यावर चढली, उतरली, एकदा वर आली, थोडीशी खाली बसली आणि गप्प झाली. स्ट्रेचर हललं नाही. मी मोजत होतो हे माझ्या नंतर लक्षात आलं.

रघुनाथने मागे न बघता विचारलं, "किती, साहेब?"

"दीड," मी म्हटलं, आणि मग मात्र मला आवरलं नाही.